मित्रदेशाचा धुरा

लोकसभेचं अध्यक्षपद मला मिळालं ते माझ्या आवाजामुळे. विद्वत्तेचा त्यात काही संबंध नव्हता. आमच्या बचत गटातल्या बायकांना गप्प बसवणं ज्या एकाच बाईला जमतं ती मी, हे गावाला ठाऊक आहे. माझं माहेर चिचगडकडचं. तिकडे एका घरातून दुसऱ्या घरी निरोप द्यायचा तर मधलं रान ओलांडून जाईल असा आवाज लागतो. लग्न होऊन गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या पुढच्या या गावात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की आपल्या घरी कोणी बहिरं नाही. तोच आवाज त्या जानेवारीत कामी आला.

गटांना प्रशिक्षण द्यायला एक मॅडम यायच्या, कुडव्याहून, स्कूटीवर. दर वर्षी त्या बायकांचा एखादा कार्यक्रम घ्यायच्या आणि दर वर्षी विषय तेच असायचे, स्वच्छता, हुंडा, लेक वाचवा. हुंड्यावर बोलून बोलून आमच्या बायका इतक्या पटाईत झाल्या होत्या की ज्यांनी घेतला त्याच जास्त कळवळून बोलायच्या. मॅडमनाच त्याचा कंटाळा आला असावा. त्यांनी ठरवलं की यंदा बायकांची संसद भरवायची आणि कॉलेजच्या पोरांना जो विषय देतात तोच बायकांनाही द्यायचा. विषय होता, आक्रमण झालेल्या मित्रदेशाला लष्करी मदत द्यावी की नाही. सरकार विधेयक मांडणार, विरोधक विरोध करणार आणि शेवटी मतदान होणार. खऱ्या देशाचं नाव कोणी घ्यायचं नाही अशी ताकीद होती, उगाच गावात वाद नको म्हणून.

नाव नाही म्हटल्यावर बायकांची मोठी पंचाईत झाली. हा मित्र कुठला, आपली एखादी लेक तिकडे दिली आहे का, आपल्याकडच्या लग्नात त्यांचा आहेर काय आला होता, हे कळल्याशिवाय मदतीचं ठरवायचं कसं? मॅडम शांतपणे सांगत राहिल्या की दोन देशांत मैत्रीचा करार झालेला आहे. करार म्हणजे काय यावर थोडी चर्चा झाली. बोलणी झाली आहेत पण कुंकू लागलेलं नाही, असा अर्थ एकमताने ठरला आणि पुढचं काम सुरू झालं.

पंतप्रधान सगळ्यांनाच व्हायचं होतं. शेवटी जिच्या घरून खुर्च्या येणार होत्या तिला ते पद गेलं. संरक्षणमंत्री झाली बुद्धविहाराजवळ राहणारी आमची गटाची सचिव. संविधानाचा विषय निघाला की ती कोणाच्या बापाला ऐकत नाही, म्हणून सरकारला ती आपल्या बाजूला हवी होती. विरोधी पक्षनेतेपद सासूबाईंकडे गेलं. ते त्यांना कोणी दिलं नाही, त्या जन्मतःच आहेत. आता त्यांना बोलायचं असेल तर आधी हात वर करून माझी परवानगी घ्यावी लागणार, हे मॅडमच्या तोंडून ऐकताना मी चेहरा शक्य तितका गरीब ठेवला होता.

आणि आमची शेजारीण झाली मित्रदेशाची राजदूत. राजदूतानं एका बाजूला खुर्चीवर बसायचं, चर्चा ऐकायची, बोलायचं मात्र काही नाही. हे काम तिनं मागून घेतलं. कार्यक्रमाला पुरुष येणार, त्यांच्यात तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊही असणार, मग बोलायची भानगडच नको असा तिचा विचार होता.

शेजारणीचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिच्या धुऱ्याची आहे. धुरा म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधला, शेताच्या दोन तुकड्यांमधला, मातीचा बांध. आमच्याकडे त्यावर तूर लावतात. तिचा नवरा आणि त्याचा मोठा भाऊ यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा तळ्याखालची एक बांधी हिच्या वाट्याला आली, लगतची मोठ्याकडे गेली, आणि मधला धुरा हिचा ठरला. त्या हिवाळ्यात मोठ्यानं जाहीर केलं की उन्हाळी धानाच्या आधी आपण तो धुरा मोडणार आणि दोन्हींची मिळून एकच मोठी बांधी करणार, म्हणजे ट्रॅक्टरला वळायला सोपं. पिकेल त्यातलं लहान्याला देऊच, असंही म्हणाला. पण आमच्या गावात अशी एक झालेली जमीन पुन्हा वेगळी झाल्याचं कोणी पाहिलेलं नाही. धुरा गेला की बांधी गेली, हे शेजारीण पक्कं ओळखून होती. तिचा नवराही ओळखून होता, पण तो गोंदियात कापडाच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडणारा माणूस. समोरचा म्हणेल त्याला हो म्हणायची त्याला सवय लागली आहे. दादा बोलले आहेत तर पाहू, एवढंच तो म्हणाला आणि गाडीला किक मारून दुकानात गेला.

राहिली ती. पण ती बोलणार कशी? नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. आमच्या आळीत अजून भासऱ्यापुढे पदर कपाळाच्या खाली ओढतात. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. आणि हे बंधन एकतर्फी नाही. त्यानंही लहान भावाच्या बायकोच्या जवळून जायचं नाही, तिच्याकडे मान वर करून पाहायचं नाही. चुकून स्पर्श झाला तर दोघांनी आंघोळ करायची, असं जुन्या बायका सांगतात. नव्या पोरी हसतात यावर. आमच्या वयाच्या बायका हसतात आणि तरी पदर ओढतात.

तरी शेजारणीनं तिच्या परीनं प्रयत्न केला होता. दोन घरांच्या मधे एक बुटकी भिंत आहे आणि भिंतीला लागून तिची म्हैस बांधलेली असते. सकाळी भासरा पलीकडे दात घासायला आला की ही म्हशीपुढे तणीस टाकता टाकता म्हशीशी बोलायची. म्हणावं, धुऱ्यावर तूर उभी आहे. म्हणावं, ज्याची बांधी त्याची राहू द्या. भासरा चूळ भरून तिकडून म्हशीलाच उत्तर द्यायचा की म्हणावं, मोठ्या माणसानं विचार करूनच ठरवलं आहे. म्हैस दोघांचं सारख्याच लक्षानं ऐकून घ्यायची आणि रवंथ करत राहायची. इतका निःपक्षपाती मध्यस्थ मी जन्मात पाहिलेला नाही. पण उत्तर देऊन भासरा घरात गेला की बोलणी संपली, कारण त्याच्यामागे जाता येत नाही आणि म्हशीला पाठवता येत नाही.

मग ती आमच्या दारी आली. माझ्याकडे आली, गटातल्या चार-पाच जणींकडे गेली, सासूबाईंच्या पाया पडली. सगळ्यांनी हळहळ केली, चहा पाजला आणि सांगितलं की बाई, घरचा मामला आहे, आपण कसं मधे पडावं. ट्रॅक्टर सोमवारी यायचा होता. संसद आदल्या शनिवारी होती.

शनिवारी दुपारी समाजमंदिरापुढे मांडव पडला. सतरंज्या भासऱ्याकडच्या होत्या. हे सांगायलाच हवं, कारण तो काही राक्षस नाही. गावात कोणाचंही कार्य असो, सतरंज्या, पाण्याचे ड्रम, मोठे गंज त्याच्याकडून येतात आणि तो कधी नाही म्हणत नाही. कोणाच्या मयतीला पहिला हजर असतो. फक्त भावाची बांधी ही आपलीच आहे असं त्याला मनापासून वाटतं. तो पुरुषांच्या पहिल्या रांगेत, पांढराशुभ्र सदरा घालून, हात गुडघ्यावर ठेवून बसला होता.

पंतप्रधानांनी विधेयक वाचून दाखवलं. वाचताना एक ओळ गळली, पण ती गळल्यामुळे विधेयक जास्त स्पष्ट झालं. मग संरक्षणमंत्री उठली. आज तो त्यांच्या दारात उभा आहे, उद्या आपल्या दारात येईल, आणि आज आपण गेलो नाही तर उद्या आपल्याकडे कोण येणार, असं तिनं ठासून सांगितलं. रणगाडे देऊ, तोफा देऊ, विमानं पाडायची यंत्रं देऊ. सैनिक मात्र एकही देणार नाही. यावर सरकारी बाकावरचीच एक सदस्य उभी राहिली. तिचं म्हणणं होतं की कोणी ट्रॅक्टर मागायला आला तर आपण ड्रायव्हर सोबत देतो, नाहीतर गिअर तोडून आणतात. मग रणगाडा नुसताच कसा देता? संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं की त्यांच्या माणसांना आपण शिकवू. सदस्य म्हणाली, शिकेपर्यंत तो देश राहिला पाहिजे ना.

मग विरोधकांनी मुद्दा काढला की रणगाडे परत कधी येणार. प्रत्येकीला आपली उसनी गेलेली कढई आठवली असणार. शेवटी दुरुस्ती मांडली गेली की लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतो तसं प्रत्येक रणगाड्यावर आपल्या देशाचं नाव घालूनच तो द्यावा. ही दुरुस्ती दोन्ही बाजूंनी हात वर करून मंजूर केली. मॅडम तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. मी टेबल वाजवून सगळ्यांना शांत केलं, खरं म्हणजे त्यावेळी कोणी बोलत नव्हतं.

नंतर एकीनं समिती नेमावी असं सुचवलं. समितीनं तिकडे जाऊन पाहावं, परत यावं, मग विचार व्हावा. संरक्षणमंत्री उसळून म्हणाली की हे वरातीमागून घोडं झालं. दुसरीनं विचारलं की आपण मदत केली आणि तो आक्रमक आपल्यावरच चिडला तर काय? हा मुद्दा मला खरंच बिनतोड वाटला, कारण मी स्वतः याच भीतीपोटी शेजारणीला चहावर बोळवलं होतं. पण अध्यक्षांना मत नसतं, म्हणून मी गप्प होते.

मग सासूबाईंनी हात वर केला. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. त्यांनी हात आणखी वर केला. मी सावकाश त्यांना परवानगी दिली. त्यांनी मला अध्यक्षबाई म्हणून हाक मारली तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, हे कबूल करायला मला लाज नाही.

त्यांच्या हातात कागद नव्हता. त्या म्हणाल्या की हे दोन देश पहिले एकच होते, एका चुलीवर जेवत होते. म्हणजे ही भाऊबंदकी आहे. भाऊ आज भांडतील आणि उद्या एका ताटात जेवतील, आणि मधे जो पडला त्याचं डोकं दोघंही फोडतील. कोणाची जमीन कोणी घेतली हे त्यांचं त्यांनी पाहावं, तिसऱ्यानं त्यात नाक खुपसू नये. बोलणं असं सरळ आणि ठसक्यात होतं की मागून पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात भासऱ्यानं वाजवल्या. सासूबाईंच्या मनात त्यावेळी शेजारीण अजिबात नव्हती, याची मला खात्री आहे. त्या फक्त जिंकत होत्या.

टाळ्या थांबल्या आणि शेजारीण खुर्चीवरून उठली.

पदर नाकापर्यंत आलेला होता. मी तिला नियम सांगितला की राजदूतांना सभागृहात बोलता येत नाही. ती बसली नाही. मी नियम पुन्हा सांगितला. तेवढ्यात संरक्षणमंत्री उठली आणि म्हणाली की सभागृहानं परवानगी दिली तर पाहुण्यांचं ऐकता येतं. असा नियम खरंच आहे की तिनं तिथल्या तिथे केला, हे मी अजून तिला विचारलेलं नाही. मी सभागृहाला विचारलं. सगळ्या बाजूंनी होय असा आवाज आला. तरीही अडचण होतीच, कारण भासरा पुढच्याच रांगेत बसला होता आणि तो ऐकेल अशा ठिकाणी तिनं आजवर फक्त म्हशीशी बोलणं केलं होतं.

संसदेत कोणीही कोणाशी थेट बोलत नाही, जे बोलायचं ते अध्यक्षांकडे पाहून बोलायचं, हे मॅडमनी आम्हाला तालमीत इतक्यांदा बजावलं होतं की आम्ही कंटाळलो होतो. तिला ते चांगलं लक्षात होतं. तिनं पुरुषांकडे पाठ केली, माझ्याकडे तोंड केलं आणि बोलू लागली.

"अध्यक्षबाई, म्हणावं त्या मोठ्या देशाले, आमी एका चुलीवरचे होतो हे आमालेबी आठवते. चूल तुमीच वेगळी केली. वाटनीत जे आलं ते आमी कमी म्हनलं नाई. आता तेवढं तरी आमचं राहू द्या. आमच्या देशाजवळ एवढी एकच बांधी हाय."

कोणी हसलं नाही. बांधी या शब्दावर तर साऱ्यांनी माना वळवून भासऱ्याकडे पाहिलं. ती थांबली, मग पदर सावरून पुन्हा माझ्याकडेच पाहत म्हणाली, "अन् मित्रदेशायले म्हणावं, आमच्यासाठी लढाले कोनी येऊ नका. आमची जमीन हाय, आमीच उभं राहू. पन आमच्या बाजूनं कोनीतरी हाय, एवढं त्याईले दिसू द्या. आमी एकटेच हाओ असं त्याईले दिसून राहिलं, म्हनून ते येऊन राहिले."

मला तिथे माझी जागा कळली. मी म्हशीच्या जागी बसले होते. पण मला रवंथ करता येत नव्हता आणि डोळ्यांतलं पाणीही थांबवता येत नव्हतं.

भासरा उठला. चेहरा लाल झाला होता. त्यालाही तिच्याशी बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानंही माझ्याकडेच पाहिलं. "अध्यक्षबाई, म्हणावं, हा घरचा मामला हाय. इथं देशाचा काय संबंध?" माझा नवरा त्याच्याहून लहान, म्हणजे गावनात्यानं तो माझाही भासरा. लग्न झाल्यापासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नव्हता, आणि पहिला बोलला तो हा. माझा हात सवयीनं पदराकडे गेला. अर्ध्यात थांबवला. टेबलावरचा माइक जवळ ओढून मी सांगितलं की प्रेक्षकांना सभागृहात बोलता येत नाही, खाली बसा. चिचगडचा आवाज होता, शिवाय माइक होता. तो बसला. त्या एका वाक्यासाठी मी आणखी दहा वर्षं स्वच्छतेवर भाषणं ऐकायला तयार आहे.

सासूबाईंनी पुन्हा हात वर केला. यावेळी मी लगेच परवानगी दिली. त्या उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, मी जे मघाशी बोलले ते कामकाजातून काढून टाका. टीव्हीवर त्यांनी कधीतरी ऐकलं असणार. मॅडमनी विचारलं की भाषण तर छान झालं, का काढायचं? सासूबाई म्हणाल्या, छान झालं म्हणूनच काढा.

मतदान झालं. विधेयकाच्या विरोधात एकही हात नव्हता, विरोधी पक्षाचाही नाही. पंतप्रधानांचा हात राहून गेला, कारण त्या पोह्यांचं पाहायला आत गेल्या होत्या. पोहे खाऊन सगळे घरी गेले. भासऱ्यानं सतरंज्या झटकून घेतल्या आणि घरी नेल्या.

घरी मला बोलणी बसतील अशी माझी तयारी होती. सासूबाईंचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. रविवारी सकाळी जेवण न करताच बाहेर पडल्या आणि आळीतल्या एकेका घरी गेल्या. दारात उभ्या राहून त्या प्रत्येकीला एकच विचारत होत्या की काल हात वर केला होता की नाही. केला होता म्हटलं की सांगायच्या, मग उद्या सकाळी तो हात घेऊन तळ्याखाली यायचं. काहीजणी कुरकुरल्या की ती खोटी संसद होती. त्यावर सासूबाईंनी विचारलं की हात खोटा होता का. हे सगळं मला संध्याकाळी दुसऱ्यांकडून कळलं. मला त्यांनी एवढंच सांगितलं की पहाटे उठ, तुझ्या आवाजाचं काम नाही, फक्त उभी राहा.

सोमवारी आम्ही धुऱ्यावर ओळीनं उभ्या होतो, तुरीच्या झाडांमधून. ओळ सासूबाईंनी लावली होती आणि ती लावताना त्यांनी जे डोकं चालवलं ते एखाद्या सेनापतीला शोभलं असतं. ज्यांचे नवरे भासऱ्याहून लहान, म्हणजे ज्या गावनात्यानं त्याच्या लहान भावांच्या बायका, सुनांसारख्या लागतात, त्या सगळ्या पुढे. पंतप्रधान गावनात्यानं त्याची बहीण लागते, तिला मागे पाठवलं, कारण बहिणीचा दंड धरून तो तिला बाजूला करू शकतो. संरक्षणमंत्र्यांचा नवरा त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, म्हणून ती अगदी मधोमध. कोणाच्या हातात काठी नव्हती, विळा नव्हता. पदर मात्र सगळ्यांचे खाली ओढलेले होते.

ट्रॅक्टर आला. भासरा त्याच्या पुढे चालत होता. ओळ पाहून तो दुरूनच थांबला. एक सून असती तर ती बाजूला होईपर्यंत त्यानं मान फिरवून वाट पाहिली असती. इथे मान फिरवावी तिकडे सून होती. पुढे यावं तर जवळून जावं लागणार, ओरडावं तर सुनांवर ओरडावं लागणार. त्यानं ड्रायव्हरला हातानं चल म्हटलं. ड्रायव्हर बालाघाटकडचा होता. तो म्हणाला, "सेठ, औरतें खड़ी हैं। मैं नहीं चढ़ाता।" आणि त्यानं इंजिन बंद केलं.

मग भासऱ्यानं सासूबाईंना गाठलं. त्या त्याच्या काकू लागतात, त्यांच्याशी बोलायला त्याला आडकाठी नाही. त्यानं विनवलं की काकू, यांना बाजूला व्हायला सांगा. सासूबाईंनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "मी विरोधी पक्षातली हाय बाप्पा. माझं कोन ऐकते?" ओळीतून पदराआडून खुसखुस सुरू झाली. मला तर हसू दाबताना ठसका लागला.

पण भासराही कच्चा नव्हता. तो पलीकडच्या बांधीत उकिडवा बसला आणि सासूबाईंना ऐकवलं की मी बसतो निवांत, यांना घरी जाऊन स्वयंपाक तर करायचा आहे ना. हे त्याचं बरोबर होतं. ऊन वर यायला लागलं. पोरं शाळेत जायची होती. आधी एकीनं गावाकडे पाहिलं, मग दुसरीनं. पंतप्रधान मागच्या मागे केव्हा निघून गेल्या ते कळलंच नाही. आमची फौज जेवणाच्या वेळेपर्यंतच टिकणारी होती, आणि हे त्याला कळलं होतं आणि आम्हालाही. मला भयंकर राग आला. आम्ही गेलो की ट्रॅक्टर सुरू होणार आणि आमची मदत म्हणजे सकाळची एक गंमत ठरणार, हे मला सहन होईना.

तेव्हा शेजारीण ओळीतून बाहेर आली. आम्हाला वाटलं ती सासूबाईंकडे जाते आहे, निरोप द्यायला. ती तिकडे गेली नाही. धुऱ्यावरून दोन पावलं पुढे, त्याच्या समोर जाऊन थांबली आणि तिनं पदर मागे सारला. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिला हाक मारायची होती, आणि या माणसाला कोणत्या नावानं हाक मारायची हेच तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका भिंतीच्या आडोशानं राहून तिनं त्याला कधी हाकच मारली नव्हती.

"दादा," ती म्हणाली. तिचा नवरा म्हणतो तोच शब्द तिनं उचलला. "हा धुरा माझा हाय. मी मोडू देनार नाई."

तो ताडकन उठला आणि उठता उठता त्यानं मान खाली घातली. सवयच ती. लहान भावाच्या बायकोच्या तोंडाकडे पाहायचं नाही. मान खाली घातल्यावर समोर दिसायला तिची मातीनं भरलेली पावलं होती आणि त्याखाली धुरा होता. तो तसाच पाहत राहिला. आम्ही कोणी हललो नाही. त्याच्या कानशिलावरून घाम उतरताना मला दिसला आणि त्या क्षणी, खरं सांगते, मला त्याची थोडी दयाच आली.

"ठीक हाय," तो म्हणाला. कोणालाही 'म्हणावं' असं न सांगता, थेट तिलाच म्हणाला. मग ड्रायव्हरकडे वळून त्यानं त्याला नागऱ्याच्या बाजूच्या शेतात जायला सांगितलं आणि स्वतः तळ्याच्या पाळीवरून घराकडे निघाला. पाठ फिरवल्यावरही त्यानं मान वर केली नव्हती.

ट्रॅक्टर वळला. बायकांनी पदर मागे टाकले आणि सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. सासूबाईंनी साऱ्यांना घराकडे हाकललं, कारण आता खरंच उशीर झाला होता आणि कोणाच्याच चुलीवर काही नव्हतं. मी शेजारणीला म्हटलं, चल. ती तुरीच्या बुडाशी मातीतच बसली, दोन्ही तळवे धुऱ्यावर टेकवून.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "मी बसतो इथं थोडा वेळ."